धानाच्या गोदामात महिला एकेरी

माझी लेक ठुमी आत्ताच झोपली आहे. तिची झोप आमच्या गावच्या एसटीसारखी आहे, कागदावर वेळ एक आणि प्रत्यक्षात दुसरीच. तेव्हा मी भराभर सांगते. मध्येच थांबले तर समजून घ्या, मी पाळण्याकडे गेले आहे.

गडचिरोली जिल्ह्यातल्या, नकाशावर जंगलाच्या हिरव्या रंगाखाली दडून गेलेल्या आमच्या गावात गेल्या महिन्यात ‘व्यावसायिक महिला एकेरी इनडोअर टेनिस स्पर्धा’ पार पडली. ती मी भरवली. पण या लांबलचक नावातला एकही शब्द मी हौसेनं घातलेला नाही, प्रत्येक शब्द कोणी ना कोणी माझ्यावर लादला आहे. मला फक्त टेनिस खेळायचं होतं.

‘इनडोअर’ हा शब्द वाघानं लादला. मी गडचांदूरच्या सिमेंट कॉलनीत वाढले. तिथे क्लबमागे टेनिसचं कोर्ट होतं, आणि चेंडू मारला की तो जमिनीवर आपटून धुळीचा एक छोटा ढग सोडायचा. लग्नानंतर माझी रॅकेट कपाटावर चढली, तिच्यावर गाद्या चढल्या, गाद्यांवर पाहुण्यांच्या चादरी चढल्या. ठुमी नऊ महिन्यांची झाली आणि एका संध्याकाळी मी हा सगळा डोंगर उपसून रॅकेट काढली, शाळेच्या भिंतीवर चेंडू मारायला गेले. चार दिवस काय सुख लागलं म्हणून सांगू! पाचव्या दिवशी सकाळी बुधरी स्कूटीवर आली. बुधरी आमच्या बीटाची, म्हणजे जंगलाच्या आमच्या पट्ट्याची वनरक्षक, माझी मैत्रीण. मी तिला टेनिस शिकवत होते आणि ती मला पायांचे ठसे ओळखायला.

“ताई, चाल. तुह्या मैदानात एक वस्तू दाखवतो.”

वस्तू म्हणजे पंजा. ताटलीएवढा. मी उभी राहून सर्व्हिस करते बरोबर त्या जागी.

“माझ्या मागावर होता?” मी विचारलं. माझा आवाज ठुमीसारखा निघाला.

“तुह्या मांगावर काऊन राहीन? रोज संध्याकाळी हे बाई एकटीच भिंतीसंग काय भांडून राह्यली, हे पाहाले आला असल.”

त्यामुळे मैदान बंद. माझा नवरा धनराज धान खरेदी संस्थेचा सचिव आहे. संस्थेचं भलंमोठं गोदाम दिवाळीनंतर धान येईपर्यंत रिकामं असतं. वर पत्रा, खाली सिमेंटची फरशी, दार लोखंडी. वाघ येऊ शकत नाही. मी धनराजला म्हटलं, रोज दोन तास मला गोदामात खेळू दे. धनराज हो म्हणाला. तो मला नाही म्हणत नाही, तो फक्त “आईला विचार” म्हणतो.

‘स्पर्धा’ हा शब्द अशा रीतीनं सासूबाईंनी लादला.

आमच्या सासूबाई गिरजाबाई अंगणात बसून शेंगा सोलत होत्या. सोबत शेजारच्या गुणाबाई होत्या. कोणत्याही घरात नाजूक विषय निघाला की गुणाबाई तिथे आधीच बसलेल्या असतात.

“बाळंतिणीनं उड्या मारल्या का दूध आटते,” गुणाबाईंनी विषय पूर्ण ऐकण्याआधीच निकाल दिला.

“पोट्टी रडून राह्यली तरी हे तिकडं भिंतीले मारत बसन,” सासूबाई म्हणाल्या. “भिंतीले तं कोणीबी हरवते.”

इथे मी चूक केली. मी म्हटलं, “आई, भिंतीला आजपर्यंत जगात कोणीच हरवलेलं नाही. ती प्रत्येक चेंडू परत करते.”

सासूबाईंनी शेंग खाली ठेवली. “असं? मंग माणसाले हरवून दाखव. साऱ्या गावासमोर. जिंकली, तं रोज चार ते सहा पोट्टी माह्याजवळ. तू काय करतं ते मी विचारणार नाई. अन् हारली, तं ते बॅट माळ्यावर, परत नाव नाई काढाचं.”

“मी साक्षीले आहो,” गुणाबाई म्हणाल्या.

दोन तास! रांगतं मूल असलेल्या बाईला रोजचे दोन तास म्हणजे काय, हे मी समजावून सांगत बसत नाही. ज्यांना कळत नाही त्यांनी आपापल्या आईला विचारावं. मी तिथल्या तिथे पैज घेतली.

‘व्यावसायिक’ या शब्दामागे बोकड आहे. संस्थेचे अध्यक्ष दादाजी गोदाम द्यायला तयार झाले, पण म्हणाले, “बक्षिसाबिगर स्पर्धा म्हणजे पाहुणे बोलावून चहाबी नाई पाजला, अशी गोष्ट झाली. माह्याकडून एक बोकड.” कबड्डीला ते नेहमीच बोकड देतात, टेनिसला कमी का, असा त्यांचा रास्त विचार. परवानगीसाठी मी ठुमीला कडेवर घेऊन एसटीनं जिल्ह्याच्या गावी गेले. एका कार्यालयातल्या एका साहेबांनी अर्ज वाचला.

“बक्षीस आहे?”

“बोकड आहे.”

“मग ही व्यावसायिक झाली. हौशी असती तर माझ्या टेबलावर होती. व्यावसायिकचं टेबल ते.” त्या टेबलावर एक पंखा आणि एक डबा होता, माणूस नव्हता. माणूस आला तेव्हा त्यानं चष्मा कपाळावर चढवून विचारलं, “टेनिस आमच्याकडे मैदानीत येते. तुम्ही इनडोअर लिहिलं. इनडोअरमध्ये कॅरम येते. हे असं काऊन?”

“वाघ आहे, साहेब.”

“वाघ आहे असं वनविभागाचं लिहून आणा.”

मी परत. बुधरीनं मला तिच्या साहेबांकडे नेलं. ते फार सज्जन. म्हणाले, “वाघाचं मला वर विचारावं लागेल, वेळ जाईल. बिबट्याचं मी आत्ता देतो. चालेल?” चाललं. त्यामुळे सरकारदरबारी आमची स्पर्धा बिबट्यामुळे इनडोअर झाली आहे. या सगळ्या धावपळीत ठुमीनं शिक्क्याची शाई चाखली, आणि अर्जाच्या कोपऱ्याला जीभ लावली. शेवटच्या सहीच्या वेळी साहेबांनी तो जांभळा ठसा बोटानं दाखवून विचारलं, “हा कोणत्या विभागाचा?” मी म्हटलं, “महिला व बालकल्याण.” त्यांनी सही केली.

‘महिला एकेरी’ मात्र आपोआप झाली. दुहेरीला चार बाया लागतात, आणि आम्ही जमलो तिघी: मी, बुधरी आणि चंद्रपूरची दीपाली. दीपाली फी घेऊन शिकवते, म्हणजे अख्ख्या स्पर्धेत खरी व्यावसायिक तीच. फोनवर तिनं विचारलं, “प्राइज काय आहे?”

“बोकड.”

तिनं ‘बोकड’ हा शब्द एकदा स्वतःशी म्हणून पाहिला. मग, “जिवंत?”

सामन्याच्या दिवशी सकाळीच बुधरीचा फोन आला. पलीकडच्या पाड्यावर वाघानं कोणाची तरी गाय मारली होती, तिला ड्युटी लागली. “बिबट लिहून देल्ला होता ना,” ती म्हणाली, “वाघाले राग आला असल.” उरलो दोघी. उद्घाटनाचा सामना हाच उपांत्य आणि हाच अंतिम झाला.

आता पंचाची गोष्ट. गावात माइक एकाकडेच आहे, सोमाजीकडे. सोमाजी झाडीपट्टीच्या नाटक कंपनीत चाळीस वर्षं पडद्यामागे बसून नटांना वाक्यं पुरवतो. दिवाळीपासून होळीपर्यंत त्याला मरायला फुरसत नसते आणि होळीपासून दिवाळीपर्यंत जगायला कारण नसतं. मी त्याला टेनिसचे नियम छापून दिले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “संहिता पाठ आहे, बाई. तुम्ही फक्त प्रवेश चुकवू नोका.” त्याच संध्याकाळी भोंगा लावलेली रिक्षा गावोगाव फिरली: “येत आहे! येत आहे! तीन सेटांचा महान कौटुंबिक टेनिसप्रयोग! एका गोदामात तीन वाघिणी! बसायला बारदानाचं पोतं आपापलं आणावं!”

होळीनंतर लोकांनी नाटक पाहिलं नव्हतं. दुपारी दोन वाजेपर्यंत गोदामाबाहेर बैलबंड्या, मोटरसायकली, एक ट्रॅक्टर. कोणाची मावशी आली होती, कोणाचा जावई. लोक पाहुणे घेऊन आले होते, लग्नाच्या पोरीबाळी स्थळांना दाखवायला आणल्या होत्या, चिवड्याची गाडी लागली होती.

दारात हमाल मंगरू काटा मांडून बसला होता. गोदामात काट्यावर चढल्याशिवाय काहीही आत जात नाही, हा संस्थेचा नियम. मंगरूनं तो आयुष्यभर पाळला आहे, तो टेनिससाठी मोडणार नव्हता. जाळं काट्यावर गेलं (जाळं म्हणजे ढिवरांकडून आणलेलं मासे धरायचं, नेट म्हणून छान दिसत होतं, वास सोडला तर). चेंडू गेले. मग मंगरू म्हणाला, “चढा, बाई.”

“मी?”

“आत जाची आहे ना?”

चढले. बाळंतपणानंतर मी आरशाशीसुद्धा हा विषय काढत नाही. मंगरूनं तो रांगेतल्या शेवटच्या जावयाला ऐकू जाईल अशा आवाजात काढला: “अठ्ठ्याहत्तर!” मग माझा चेहरा पाहून, केवळ दयेनं, म्हणाला, “बारदान धरून.”

दीपाली काट्यावर चढली तेव्हा त्यानं तिच्या दंडाकडे पाहिलं. ऊन फार होतं, ती घामानं निथळत होती. “ओलावा जास्त आहे,” तो ओल्या धानाबद्दल बोलावं तसं धनराजला हळूच म्हणाला. “घ्याचा का?” धनराजनं विशेष बाब म्हणून घ्यायला लावला.

सामना सुरू झाला. पहिली सर्व्हिस माझी. चेंडू वर टाकला आणि मारला. दीपालीला रॅकेट हलवायलाही वेळ मिळाला नाही. सरळ रेषेवर! अंगात कॉलनीतली सोळा वर्षांची पोर शिरली. गोदामानं एकदम श्वास घेतला, आणि पहिल्या रांगेतून एक खणखणीत आवाज आला:

“वन्समोर!”

सासूबाई. मांडीवर ठुमी, मनगटावर रुमाल, चेहरा उजळलेला. त्यांच्यामागून दोनशे घशांतून तेच. “वन्समोर! वन्समोर!”

सोमाजीनं माइक तोंडाशी नेला. “पब्लिकच्या आग्रहास्तव हीच सर्व्हिस पुन्हा एकदा.”

मला, खोटं कशाला सांगू, गुदगुल्या झाल्या. मी पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं आणि पुन्हा मारली. जाळ्यात. आणखी एक, तीही जाळ्यात.

“शून्य-पंधरा,” सोमाजी म्हणाला.

“अन् आधीचा पॉइंट?”

“त्याचा वन्समोर झाला ना, बाई. गाण्याले वन्समोर आला का गाणं परत म्हणावं लागते. पहिलं मोजत नसतेत.”

दीपाली जाळ्यापाशी आली. “असा नियम नाही हो, काका! जगात कुठेच नाही!”

“जगात नसल,” सोमाजी शांतपणे म्हणाला. “पण पब्लिकनं मागितलं अन् नाई देल्लं, तं स्टेजवर काय काय येऊन पडते ते तुमी पाह्यलं नाई. मी पाह्यलं आहे.”

दीपाली भांडणार होती. मग तिच्या लक्षात आलं की या नियमानं ती पुढे आहे. व्यावसायिक माणसं अशा वेळी तत्त्वाचा मुद्दा सोडून देतात.

पुढचा अर्धा तास माझ्या आयुष्यातला सर्वांत सुंदर आणि सर्वांत निरुपयोगी होता. मी कोपऱ्यात चेंडू घातला, वन्समोर. मी जाळ्यालगत अलगद सोडला, वन्समोर. मी जे चांगलं करीन ते रद्द, जे चुकेल ते कायम. दीपाली मधोमध उभी राहून चेंडू नुसता ढकलत होती, वरण ढवळावं तसा. तिचा खेळ परत बघावा असं कोणाला का वाटेल? तिचे गुण मुकाट्यानं जमा होत गेले. पहिला सेट एक-सहा. मी हरले, आणि टाळ्या मला.

ठुमी रडायला लागली. मी बारदानांच्या थप्पीमागे तिला पाजायला बसले. सासूबाई पाण्याचा गडू घेऊन आल्या. ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला होता.

“आई, तुम्ही वन्समोर म्हणू नका ना.”

“काऊन?”

“त्यानं मी हरते आहे.”

“मी काय खोटं म्हणून राह्यली? चांगलं होते तं म्हणते,” त्या म्हणाल्या आणि पाठ फिरवून जागेवर गेल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे मला तसं वाटलं. हा सगळा कट होता. पैज जिंकायची, तेही माझी स्तुती करून! सासूपणाचा इतका नाजूक नमुना मी पाहिला नव्हता. ठुमीनं दूध पिता पिता माझा अंगठा धरून ठेवला होता. मी तिला हळूच म्हटलं, “बघच आता. आई किती वाईट खेळते ते.”

दुसऱ्या सेटला मी चेंडू ढकलायला सुरुवात केली. दीपालीही ढकलत होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे. माझे गुण जमायला लागले, आणि पब्लिक सुटायला लागलं. गुणाबाई पालेभाजी निवडायला लागल्या. मंगरू पोरांना काट्यावर चढवून त्यांची वजनं सांगत बसला. सासूबाई माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू पाहुण्यांसमोर मी मिठाशिवाय भाजी वाढली आहे. सेट मी जिंकला, सात-पाच. एकही टाळी नाही.

तिसऱ्या सेटमध्ये आम्ही दोघी प्रौढ, शिकलेल्या बाया जिवाच्या आकांतानं वाईट खेळत होतो. एकदा चुकून दीपालीचा फटका झकास बसला तर तिनं स्वतःच कपाळावर हात मारला. लगेच वन्समोर. पत्र्यातून येणारं ऊन पिवळं झालं. अंधाराआधी सगळ्यांना घरी पोचायचं होतं, कारण वाघाला स्पर्धेचं वेळापत्रक माहीत नव्हतं. आणि मी पाच-चारनं पुढे, चाळीस-तीस. एक गुण. एक रटाळ, कोणाच्या नजरेत न भरणारा गुण, की रोजचे दोन तास माझे.

मी मऊ सर्व्हिस केली. दीपालीनं चेंडू ढकलला. मी ढकलला. मग तिनं चेंडू उंच उडवला, पार पत्रा तोलणाऱ्या लोखंडी कैचीपर्यंत, माझ्या डोक्यावरून मागे. मी उलटी धावले. कोपऱ्यात झाडून ठेवलेला धानाचा कोंडा पसरला होता, त्यावर पाय पडला आणि मी घसरत निघाले. घसरता घसरता, जाळ्याकडे पाठ असताना, हात आपसूक फिरला. मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. हातानं विचारलं नाही. चेंडू माझ्या खांद्यावरून गेला, दीपालीच्या पलीकडे, रेषेच्या आत एक टप्पा घेऊन मंगरूच्या काट्यावर ठण्णकन वाजला.

मी कोंड्यात बसले होते. डोळे मिटून घेतले. संपलं! असला फटका मी जन्मात मारला नव्हता आणि परत मारता येणार नव्हता. नेमका आत्ता! मी त्या एका आवाजाची वाट पाहत होते.

आवाज आला नाही.

डोळे उघडले. सगळं पब्लिक सासूबाईंकडे बघत होतं, कारण वन्समोरची सुरुवात दुपारभर त्यांच्यापासूनच झाली होती. त्यांचं तोंड उघडं होतं. त्यांनी ते मिटलं. मागून गुणाबाईंनी पालेभाजीची जुडी उंच केली, “वन्स—”

“चूप!” सासूबाई कडाडल्या.

सोमाजी गोंधळला. “गिरजाबाई, पब्लिक मागून राह्यली.”

“मागू दे. सोमाजी, हिरो मरते तिथी कोणी वन्समोर देते का?”

“नाई देत.”

“काऊन नाई देत?”

सोमाजीनं चाळीस वर्षांचा विचार केला. “उठून परत कसा मरन तो?”

“मंग!” सासूबाई म्हणाल्या. “ते झालं ते झालं. नाव घे पोरीचं अन् सोड आमाले घरी.”

सोमाजीनं माइक हातात घेतला. “महिला एकेरी, विजयी, स्वाती धनराज!” दीपालीनं कोंड्यातून मला हात देऊन उठवलं आणि कानाशी म्हणाली, “बोकड न्यावा लागला नाही, सुटले बाई!”

घरी जाताना धनराज पुढे बोकड ओढत होता, किंवा बोकड धनराजला. मी सासूबाईंबरोबर चालत होते. ठुमी त्यांच्या खांद्यावर झोपली होती.

“आई, तुम्ही पैज हरलात.”

“मले समजते.”

“एकदा वन्समोर म्हटलं असतं तर जिंकला असतात.”

त्यांनी झोपलेल्या ठुमीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाल्या, “तू परत मारली असती अन् चुकली असती. मी पाह्यलेलं खराब झालं असतं.” आणि झपाझपा पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता त्यांनी न बोलता हात पुढे केले, ठुमीला घेतलं आणि गुणाबाईंकडे निघून गेल्या. घर रिकामं. मी रॅकेट काढली, बूट शोधले, लेस बांधायला पलंगावर बसले.

सहा वाजता त्या परत आल्या.

“खेळली?”

“हो,” मी म्हटलं. “मस्त.”

सासूबाईंनी माझ्या गालावर उमटलेल्या उशीच्या घड्यांकडे पाहिलं, मग एकाच पायातल्या बुटाकडे. ठुमीला माझ्या मांडीवर ठेवत म्हणाल्या, “उद्या आणखी जरासक खेळ. डोळे अजून लाल दिसतेत.”